‘घरगुती’ चवीचा मोबदला कोणाला?

पिंपरीहून निगडीपर्यंत, किंवा नाशिक रस्त्यानं भोसरी, मोशी ओलांडून चाकणपर्यंत नुसत्या पाट्या वाचत गेलं तरी एक गोष्ट लक्षात येते. मासळीच्या हॉटेलांवर एक शब्द हमखास असतो: ‘घरगुती’. घरगुती मालवणी जेवण. अस्सल घरगुती कोकणी चव. आईच्या हातची सोलकढी. काही पाट्यांवर तर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, हातात ताट धरलेली बाईसुद्धा रंगवलेली असते. समुद्रापासून घाट चढून इतक्या आत, गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या या पट्ट्यात सुरमई आणि बोंबील विकायचे तर बाईचं नाव लावावं लागतं, हे हॉटेलवाल्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझा प्रश्न साधा आहे. चव जर बाईची, तर त्या हॉटेलात बाई कुठं आहे? गल्ल्यावर ती क्वचित दिसते. ‘वस्ताद’ म्हणून तिला कोणी हाक मारत नाही. दर्शनी हॉलमध्ये गिऱ्हाईक म्हणून ती एकटी बसलेली सहसा आढळत नाही. ती असते भटारखान्यात, मोरीपाशी, भाकरीच्या तव्यासमोर. आणि पाटीवर, रंगात. तिचं कसब रोज विकलं जातं, पण त्या कसबाचं नाव, दाम आणि मान तिच्या वाट्याला येत नाही. मासळीच्या ताटामागची ही चोरी आहे आणि तिला चोरीच म्हटलं पाहिजे.

मैत्रिणींनो, काही जणींना वाटेल, हिंसाचाराचे, हुंड्याचे, छळाचे एवढे प्रश्न दारात उभे असताना हॉटेलातल्या माशांवर काय लिहायचं? हा तर खात्यापित्या घरचा विषय. पण आपल्या चळवळीनं ताट-वाटीला कधीच क्षुल्लक मानलेलं नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वैपाकघर हाच राजकारणाचा आखाडा झाला होता. धान्य-तेलाच्या भावाचा हिशेब आपण तेव्हा मागितला. स्वैपाकाच्या श्रमाचा हिशेब मागायचा राहिलाच आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी या पट्ट्यात बचत गटांतल्या आणि कंत्राटी कामगार बायकांबरोबर काम करते. मध्यंतरी एका शिबिरानंतर आम्ही पाच जणी अशाच एका नावाजलेल्या हॉटेलात मासे खायला गेलो. आमच्यात दोघी महाळुंग्याच्या कारखान्यात लाइनवर उभ्या राहणाऱ्या, एक घरकामगार, एक अंगणवाडीतली आणि मी. खालच्या हॉलमध्ये चार टेबलं रिकामी होती. दारातल्या माणसानं आम्हाला पाहिलं आणि जिन्याकडे हात केला, “मॅडम, फॅमिली वर आहे.” आम्ही म्हटलं, आम्ही खालीच बसतो. तो म्हणाला, “इथं जेंट्स बसतात. तुम्हालाच बरं वाटणार नाही.” बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट काळजीच होती. वर गेलो. लाकडी फळ्यांनी पाडलेले कप्पे, एकाला खिडकी नाही, शेजारी बर्फाच्या पेट्या. पाणी ठेवताना वेटरनं विचारलं, “साहेब मागून येतायत का?” ऑर्डर घ्यायला तो साहेबांची वाट पाहत होता.

यात नवीन काही नाही, हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. आपल्याकडे ‘फॅमिली रूम’ या शब्दाचा अर्थच ‘पुरुषाबरोबर आलेल्या बाईची जागा’ असा झाला आहे. पुरुष एकटा आला तर तो गिऱ्हाईक. बाई एकटी आली तर ती प्रश्नचिन्ह. मासळीच्या हॉटेलात हे अधिक जाणवतं, कारण या भागात त्यातली बरीचशी परमिट रूमला जोडलेली आहेत. दारू पिणाऱ्या पुरुषाच्या वागण्याची हमी हॉटेलवाला देऊ शकत नाही, म्हणून हलायचं कोणी? तर बाईनं. गुन्हा संभाव्य पुरुषाचा, कोंडवाडा बाईला. आणि याला सोय म्हणायचं!

भारताच्या राज्यघटनेचं पंधरावं कलम आपण सरकारी नोकरी आणि शिक्षणाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही मज्जाव किंवा अट घालता येणार नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे. दलितांना वेगळ्या कपबशीत चहा देणाऱ्या देशात हे लिहिणं भाग होतं. त्या यादीत ‘लिंग’ हा शब्दही आहे, याची आठवण आपण किती वेळा करून दिली? कपबशी वेगळी ठेवली की तो भेदभाव आपल्याला ओळखू येतो. जिना वेगळा दाखवला की आपण मुकाट चढतो.

त्या दिवशी आमच्यातली लाइनवर काम करणारी एक जण ताट आल्यावर बराच वेळ नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, “ताई, अख्खं पापलेट माझ्या एकटीच्या ताटात आज पहिल्यांदा आलंय.” ती तिशीची आहे. माहेर कोकणातलं, लहानपणापासून मासे साफ करते. किती किलो मासळी तिच्या हाताखालून गेली असेल, त्याची मोजदाद नाही. पण मधली तुकडी आधी वडलांना, मग भावाला, लग्नानंतर नवऱ्याला आणि सासऱ्याला. तिच्या वाट्याला डोकं, शेपटी आणि भांड्याच्या तळाचं कालवण. “डोक्यात चव असते,” असं आई सांगायची म्हणे. डोक्यात चव असते हे खरंच आहे, पण मग ती चव पुरुषांना कधी का द्यावीशी वाटली नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणी रक्तक्षयाच्या होत्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ होतं. या आकड्याचं सगळं खापर माशाच्या तुकडीवर फोडता येणार नाही. पण ज्या घरात बाई शेवटी जेवते, त्या घरात उरलेलंच जेवते, हे समजायला पाहणीचीही गरज नाही.

आता भटारखान्यात जाऊ. आमच्या बचत गटांत अशा हॉटेलांत काम करणाऱ्या काही जणी आहेत. त्यांनी सांगितलेलं इथं मांडते. मासळी सकाळी येते, बर्फात. एकीनं विळी घेऊन बसायचं. खवले, कल्ले, आतडी काढायची, सुरमईच्या सारख्या जाडीच्या तुकड्या पाडायच्या. कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा ओढायचा. तिसऱ्या वाळू जाईपर्यंत धुऊन एकेक उघडायची आणि मांस एका शिंपल्यात राखून दुसरा टाकायचा. बोंबील चिरून, काटा काढून वजनाखाली दाबायचे, नाहीतर तळताना पाणी सुटतं आणि कुरकुरीतपणा जातो. नारळ खोवायचे, सोलकढीसाठी दूध काढायचं. उन्हाळ्यात वर्षाचा मालवणी मसाला भाजायचा, त्या वेळी मिरचीच्या खकाण्यानं आठवडाभर डोळे आणि छाती जळत राहते. काट्यांनी बोटं फाटलेली असतात, त्यावर मीठ, कोकम आणि थंड पाणी. यातलं एक काम चुकलं तरी ताट बिघडतं. आणि या सगळ्याला हॉटेलच्या भाषेत नाव आहे, ‘वरकाम’.

शेवटी कढईपाशी जो उभा राहतो तो वस्ताद. बहुतेक पुरुष. त्याच्या कसबाला मी कमी लेखत नाही. धगीसमोर बारा-बारा तास उभं राहणं सोपं नाही आणि तोही बहुधा लांबून आलेला, हॉटेलच्या पोटमाळ्यावर झोपणारा गरीब कामगारच असतो. पण तुकडी कापणारी, मसाला करणारी, वाटण लावणारी बाई कोण? तिला सगळे ‘मावशी’ म्हणतात. शब्द गोड आहे. पण नीट पाहा: वस्ताद हा हुद्दा आहे, मावशी हे नातं. हुद्द्याला पगार ठरतो, पगारवाढ मागता येते, दुसऱ्या हॉटेलात जाण्याची धमकी देता येते. नात्याला पगार मागणं वाईट दिसतं. मावशी उशिरापर्यंत थांबते, मावशी वेटर आला नाही तर भांडीही घासते, मावशीला सणाला साडी मिळते. सुट्टी, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची रजा हे शब्द मावशीच्या आणि शेठच्या मध्ये कधी येत नाहीत. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. त्याला वळसा घालायचा सोपा मार्ग म्हणजे कामाचं नावच वेगळं ठेवणं, आणि तो मार्ग मालकांनी पहिल्यापासून वापरला.

अलीकडे तर भाकरी भाजणाऱ्या बाईला काचेच्या खिडकीमागं, गिऱ्हाइकांना दिसेल असं बसवतात. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, पुढं चूल. लोक फोटो काढतात. त्या खिडकीत पंखा नसतो, कारण जाळ हलतो. बसण्याच्या जागेची उंची गिऱ्हाइकाला दिसण्यासाठी ठरलेली, तिच्या कमरेसाठी नव्हे. आमच्या गटातल्या एकीला मी विचारलं, लोक फोटो काढतात तेव्हा काय वाटतं? ती म्हणाली, “काही नाही. लघवीला कधी जायला मिळेल एवढंच बघते.” बायकांसाठी वेगळं संडास-मुतारी नाही. गिऱ्हाइकांचं वापरायचं नाही अशी ताकीद आहे.

रात्रीचं काय? २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी तिच्या सुरक्षिततेची व वाहतुकीची जबाबदारी मालकावर येते. पण लहान आस्थापनांना या कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, आणि कामगारांची संख्या कागदावर लहान ठेवणं किती सोपं असतं ते आपण जाणतो. रविवारी शेवटचं टेबल साडेअकराला उठतं. मोरी धुऊन होईस्तोवर बारा. मग चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेनं, अवजड ट्रकांच्या मधून, मिळेल त्या रिक्षानं किंवा चालत घरी. घरी गेल्यावर नवऱ्याचा सवाल, “एवढा वेळ कुठं होतीस?” हॉटेलात काम करणाऱ्या बाईकडे वस्ती कशा नजरेनं बघते ते वेगळं सांगायला नको.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ साली विशाखा निकाल आला, २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणच्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. आमच्या गटातल्या हॉटेलात राबणाऱ्या एकीलाही स्थानिक समिती हा शब्द ऐकून माहीत नव्हता. दोष त्यांचा नाही. समितीनं भटारखान्याच्या मागच्या दारापर्यंत जायला हवं, आणि आपणही. कारखान्यांच्या गेटवर आपण पत्रकं वाटतो. हॉटेलांच्या मागच्या बोळात आपल्यापैकी किती जणी गेल्या आहेत?

नोंद नसलेल्या, कोणी न पाहिलेल्या जागा किती महाग पडतात हे याच पट्ट्यानं पाहिलं आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलझडी मेणबत्त्या बनवणाऱ्या, परवानगीशिवाय चाललेल्या कारखान्याला आग लागली आणि तिथं राबणाऱ्या बायका होरपळून मेल्या. हॉटेलच्या टेबलावर केक येतो, ती मेणबत्ती पेटते, सगळे टाळ्या वाजवतात. ती वस्तू कोणी, कुठं, कशी बनवली, हे त्या टेबलाला माहीत नसतं. ताटातल्या तुकडीचंही तेच आहे.

पण हे असंच असावं लागतं असं नाही. आपल्याच इतिहासात याचं उत्तर आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीनं राहत. त्यांना महिनेवारीनं जेवायला घालणाऱ्या खाणावळवाल्या होत्या. बऱ्याच जणी विधवा, टाकलेल्या, किंवा ज्यांच्या घरात एका पगारात भागत नव्हतं अशा. दोन वेळा कालवण-भात, भाकरी, परवडेल तेव्हा बांगडा किंवा बोंबील. आज पाटीवर जी ‘घरगुती कोकणी चव’ म्हणून विकली जाते, ती शहराला पहिल्यांदा चाखवली अशा बायकांनी, दहा बाय दहाच्या खोलीत, स्टोव्हवर. वाण्याकडून उधारीवर माल, सावकाराकडून चढ्या व्याजानं पैसा. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपात कामगारांकडे पैसे नव्हते तरी या बायकांनी त्यांना जेवायला घातलं. संप लढवणाऱ्यांची नावं इतिहासात आली. संपाला जेवू घालणाऱ्यांची आली नाहीत.

हे ओळखलं प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्याच साली ऑक्टोबरात पुण्यात स्त्री-मुक्ती परिषद भरली होती, हेही आठवावं. मंडळानं खाणावळवाल्यांना सांगितलं की तुम्ही करता ती सेवा नव्हे, धंदा आहे. राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं, सावकाराचा फास सोडवला. पुढं सामूहिक स्वैपाकघर, कार्यालयांना जेवण पुरवणं अशी कामं उभी केली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, खाणावळींचं गिऱ्हाईक पांगलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठनंतर एमआयडीसी आणि मोठे वाहन कारखाने आले, आणि कोकणातला माणूस मुंबईऐवजी इकडेही वळू लागला. त्याच्यामागून त्याची चव आली. पण खाणावळवाली आली नाही. म्हणजे आली, पण मालकीण म्हणून नाही. तिची खाणावळ पुरुषाच्या नावावर झाली आणि ती मागच्या दारानं मावशी होऊन आत गेली.

मासळी आणणाऱ्या बाईचंही तेच. कोळीणीची परंपरा अशी की दर्यावर पुरुष जातो, पण बंदरावर उतरलेली मासळी बाईच्या हातात येते. भाव ती करते, पैसा तिच्या कनवटीला असतो. गाबीत, कोळी समाजातल्या बाईचा हा मान आपल्या चळवळीनं नेहमी अभिमानानं सांगितला. पण आता मोठ्या हॉटेलांची मासळी थेट व्यापाऱ्याकडून, बर्फाच्या गाडीनं येते. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांतही ‘ताजी’ सुरमई हवी असते, ती पूर्व किनाऱ्यावरून किंवा शीतगृहातून येते. टोपलीवालीचं त्यात काम उरत नाही. २०२१ साली मुंबईत दादरचा मासळी बाजार हलवला गेला तेव्हा आपलं पिढीजात गिऱ्हाईक तुटलेल्या कोळीणी रस्त्यावर आल्या होत्या. आमच्याकडे तर रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला सोसायटीवाले ‘वास येतो’ म्हणून उठवतात. तेच लोक रविवारी दुपारी मासळीच्या हॉटेलाबाहेर तास-तास रांगेत उभे असतात. वास माशाचा नाही, मैत्रिणींनो, वास गरिबीचा आणि जातीचा येतो. एसी लावला की तो जातो.

आता काही आक्षेप. पहिला: हॉटेलामुळेच तर घरातल्या बाईला एक दिवस सुटी मिळते, तुम्ही तेही हिरावून घेणार का? मुळीच नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. घरकामात हात लावणारे पुरुष मुळात १०० मध्ये २६ होते. एवढं राबणाऱ्या बाईनं रविवारी बाहेर जेवावं, हवं ते मागवावं, मधली तुकडी खावी. पण एका बाईची सुटी दुसऱ्या बाईच्या रात्री बारापर्यंतच्या कामावर उभी राहत असेल, तर ती सुटी पुरुषानं दिलेली नाही, त्या दुसऱ्या बाईनं दिली आहे. त्याचं तिला पुरेपूर मोल मिळालं पाहिजे. आणि सहा दिवस घरात मासे साफ करायला पुरुषाचे हात का चालत नाहीत, हा प्रश्न हॉटेलात गेल्यानं सुटत नाही.

दुसरा आक्षेप हॉटेलवाल्यांचा: आम्हीही लहान माणसं, कोकणातून काहीच न घेता आलो, मासळीचे भाव, भाडं, गॅस, यात बायकांना जास्त दिलं तर धंदा बसेल. काहींच्या बाबतीत हे खरं आहे. लहान धंद्याचा मी शत्रू नाही. पण भाडं परवडत नाही म्हणून कोणी जागामालकाला कमी देत नाही. गॅसवाल्याला कमी देत नाही. कमी देता येतं ते फक्त मावशीला. धंदा तिच्या पगारावर तरत असेल तर ती या धंद्यात भागीदार आहे, मग तिला भागीदारासारखं वागवा.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच: खुद्द बायकांनाच वर, फॅमिली रूममध्ये बरं वाटतं. वाटतही असेल. नजरा चुकवायची सवय इतक्या लहानपणी लागते की आडोसा मिळाला की मोकळं वाटतं. ज्या बाईला आडोसा हवा तिला तो मिळावा. पण तो तिनं मागितलेला असावा, दारातल्या माणसानं ठरवलेला नसावा.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी लगेच करता येतील.

पहिली, बसण्याची. पाच-सहा जणींनी मिळून जायचं आणि दर्शनी हॉलमध्येच बसायचं. भांडायचं नाही, पण उठायचंही नाही. ‘वर जा’ म्हटलं तर विचारायचं, का? आणि पंधराव्या कलमाची प्रत पिशवीत ठेवायची. हे महिन्यातून एकदा वेगवेगळ्या गटांनी केलं तर वर्षभरात दारातल्या माणसाची सवय बदलेल.

दुसरी, भटारखान्याची. प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या हॉटेलांत राबणाऱ्या बायकांची यादी करावी, त्यांना दुपारच्या मोकळ्या वेळात भेटावं. संध्याकाळची सभा त्यांना जमणार नाही, हे आधी लक्षात घ्यावं. किमान वेतन, आठवड्याची सुटी, बायकांसाठी संडास, रात्रीची पोच आणि स्थानिक समितीचा पत्ता या पाच गोष्टींवर बोलावं. मासे साफ करणं, वाटण, मसाला, भाकरी हे ‘वरकाम’ नव्हे, कुशल काम आहे, आणि त्याचा दर कुशल कामाचाच असला पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रात गेली पाहिजे.

तिसरी, मालकीची. या पट्ट्यात हजारो कंत्राटी कामगार आणि ट्रेनी मुलं-मुली खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीत खोल्या करून राहतात. त्यांना जेवण लागतं. बचत गटांच्या बायका पापड-लोणच्यातच का अडकाव्यात? गटांना खाणावळ चालवायला जागा, पाणी, कर्ज आणि कारखान्यांच्या कँटीनची कंत्राटं मिळावीत यासाठी महानगरपालिका, ग्रामपंचायती आणि एमआयडीसीकडे धरणं धरावं लागेल. टोपलीवाल्या बायकांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. पाणी, बर्फ आणि सावली असलेल्या ओट्यांची मागणी त्याच्या आधारानं करता येईल.

चौथी, घरातली. या रविवारी मासे आणले तर विळीवर घरातल्या पुरुषाला बसवा. खवले उडतील, बोटात काटा जाईल, दोन तुकड्या वाकड्या पडतील. पडू देत. आपल्याही पहिल्या वेळी पडल्या होत्या. आणि वाढताना मधली तुकडी कोणाच्या ताटात जाते ते बघा.

‘घरगुती’ या शब्दावर आपला राग नाही. तो शब्द आपला आहे, आपल्या आयांच्या, आज्यांच्या हातांनी कमावलेला. तो पाटीवरून पुसायला सांगायचं नाही. उलट सांगायचं की पाटीवर ठेवायचा असेल तर त्याची किंमत द्या. भटारखान्यातल्या बाईला तिच्या नावानं हाक मारा, तिचं काम हजेरीपत्रकात कुशल म्हणून लिहा, आणि ती जेवायला आली तर तिला हॉलमध्ये, पुढच्या टेबलावर जागा द्या. हे होत नाही तोवर ज्या ज्या दारावर ‘घरगुती’ लिहिलेलं दिसेल, त्या दारात उभं राहून विचारत राहू: घरातली बाई कुठं आहे?